डोळा रस्त्यावर, कान गाडीत : डॅशकॅमच्या आवाजामागचा इतिहास

भोर तालुक्यातील रांझे हे गाव इतिहासाच्या वाचकांना एका पत्रामुळे परिचित आहे. २८ जानेवारी १६४६ या तारखेचे ते पत्र शिवाजी महाराजांची मुद्रा असलेल्या, आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पत्रांपैकी एक मानले जाते. गावचा पाटील बावाजी गुजर याच्या हातून ‘बदअमल’ झाला, त्याची खबर हुजूर पोहोचली, चौकशी झाली आणि आरोप खरा ठरला. पाटलाचे हातपाय तोडण्यात आले, पाटिलकी जप्त झाली आणि पुढे त्याच कुळातील सोनजी गुजर याच्याकडे ती सोपवण्यात आली.

एवढे सारे कागदावर आहे. मात्र ज्या बोलण्यावरून आरोप खरा ठरला, ते बोलणे कागदावर नाही. तक्रार कोणत्या शब्दांत झाली, पाटलाने काय उत्तर दिले, साक्षीला उभे राहिलेले काय म्हणाले, याचा वृत्तांत पत्र देत नाही. निकाल उरला, आवाज विरून गेला.

आज रांझ्यापासून थोड्याच अंतरावरून पुणे–सातारा महामार्ग जातो. त्यावरून धावणाऱ्या कित्येक मोटारींच्या पुढच्या काचेला एक छोटासा कॅमेरा चिकटवलेला दिसतो. हा डॅशकॅम रस्त्याचे चित्र टिपतो, हे सर्वांना ठाऊक असते. तो ऐकतोही, हे गाडीत बसलेल्या अनेकांच्या ध्यानीमनी नसते. बोललेला शब्द पुरावा कसा झाला, यंत्राने पकडलेल्या आवाजाला न्यायालयाचे दार कसे उघडले आणि ते उघडण्यात मुंबईतल्या खटल्यांचा केवढा वाटा होता, याचा हा थ्रेड.

आधी या यंत्राची रचना पाहू. डॅशकॅमचे भिंग बाहेर, रस्त्याकडे वळलेले असते. त्याचा मायक्रोफोन मात्र त्याच डबीत, म्हणजे बंद काचांच्या आत असतो. परिणामी समोरच्या वाहनाचा हॉर्न त्याला दबका ऐकू येतो आणि मागच्या आसनावरची कुजबुज स्पष्ट. चित्र परक्यांचे आणि आवाज घरच्यांचा, अशी ही विचित्र विभागणी आहे. पुढे जे जे प्रश्न उभे राहतात, ते बहुतेक याच विभागणीतून आले आहेत.

आवाज धरून ठेवण्याचे यंत्र नव्हते, तेव्हा मावळात काय करीत? वतनाचा वा हद्दीचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार एकत्र येत. वादी-प्रतिवादींचे म्हणणे ऐकले जाई आणि निवाडा ‘महजर’ या कागदावर उतरे. ज्यांना लिहिता येत नसे ते आपली खूण करीत. पाटलाचा नांगर प्रसिद्धच आहे. बलुतेदारही आपापल्या हत्याराची निशाणी काढीत. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत जेधे, बांदल, शिळीमकर अशी देशमुखांची घराणी नांदली आणि वतनांचे वादही पिढ्यान्‌पिढ्या चालले. या महजरांचे एक वैशिष्ट्य सहसा नजरेतून सुटते. आपला शब्द लिहून घेतला जात आहे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असे. खूण करणारा माणूस लिहिणाऱ्याच्या समोर बसलेला असे.

यंत्राने ही अट काढून टाकली.

डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सेन याने १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज नोंदवणाऱ्या ‘टेलिग्राफोन’चे पेटंट घेतले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योसेफ याचा आवाज त्यावर नोंदवला गेला. तो आजही ऐकता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत सर्वत्र पसरली आणि टेपरेकॉर्डर पोलिसांच्याही हाती आला.

वाहनात कान बसवण्याची कल्पना मात्र रस्त्यावरून नव्हे, आकाशातून आली. १९५३-५४ मध्ये ‘कॉमेट’ या जेट विमानांना एकापाठोपाठ अपघात झाले, आणि शेवटच्या क्षणी काय घडले हे सांगायला कोणी उरले नाही. मेलबर्नच्या संशोधन संस्थेतील डेव्हिड वॉरन या रसायनशास्त्रज्ञाने मग वैमानिकांचे बोलणे टिपणारे यंत्र सुचवले. त्याचा पहिला नमुना पोलादी तारेवर सुमारे चार तासांचा आवाज साठवी आणि जुन्यावर नवे लिहीत जाई. आजच्या डॅशकॅममधील ‘लूप रेकॉर्डिंग’ म्हणजे हीच युक्ती. वॉरनला पहिला विरोध झाला तो ज्यांच्या जिवासाठी यंत्र होते त्यांच्याकडूनच. ऑस्ट्रेलियातील वैमानिकांच्या संघटनेला त्यात कॉकपिटमध्ये बसवलेला हेर दिसला. पुढे यंत्र सक्तीचे झाले, पण त्या भीतीची दखलही घेतली गेली. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण चौकशीखेरीज अन्य कारणासाठी उघड करण्यावर आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधने घातली. डॅशकॅमला असे नियम नाहीत. वंश एकच, पण शिस्त वारशाने आली नाही.

आता मुंबई. १९६० नंतरच्या दशकात मुंबई महापालिकेच्या एका लिपिकाला लाच देऊ करण्यात आली. त्याने पोलिसांना कळवले. सापळा रचला गेला आणि खोलीत मायक्रोफोन दडवून संभाषण फितीवर घेण्यात आले. ‘युसुफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल १९६७ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने फितीवरील आवाजाची तुलना छायाचित्राशी केली. घटना घडत असताना घेतलेले छायाचित्र चालते, तर त्याच क्षणी घेतलेला आवाज का चालू नये? मात्र फीत मोहोरबंद केलेली नव्हती, ही गोष्टही न्यायालयाच्या नजरेतून सुटली नाही. पुसणे आणि पुन्हा नोंदवणे फितीच्या स्वभावातच आहे, म्हणून तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे, असा इशारा त्या निकालात आहे.

दुसरा खटला अधिक गाजला. १९६४ मध्ये मुंबईच्या एका शुश्रूषागृहातील रुग्णाच्या मृत्यूचे प्रकरण कॉरोनरसमोर आले. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. प्रकरण मिटवण्यासाठी त्यानेच पैसे मागितल्याचा आरोप झाला. मध्यस्थी करणाऱ्या डॉक्टरच्या संमतीने लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्याच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि संभाषण नोंदवले. २२ सप्टेंबर १९७२ रोजी ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती फीत ग्राह्य धरली.

या निकालातील दोन सूत्रे आजही डॅशकॅमच्या प्रत्येक वादात डोकावतात. पहिले असे की, संभाषणातील एका बाजूने स्वतःच नोंदवायला संमती दिली असेल, तर ते चोरून ऐकणे ठरत नाही. दुसरे असे की, पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्यावरून तो बाद होत नाही. तो प्रस्तुत आहे का आणि खरा आहे का, हे पाहायचे. आवाज कोणाचा हे ओळखू आले पाहिजे, संभाषण वादाशी संबंधित हवे आणि फितीत फेरफार झाल्याची शक्यता दूर झाली पाहिजे, या कसोट्याही इथेच ठळक झाल्या.

१९७५ मध्ये ‘झियाउद्दीन बुखारी विरुद्ध ब्रिजमोहन मेहरा’ या निकालाने निवडणुकीतील भाषणांच्या फितींना ‘दस्तऐवजा’चा दर्जा दिला. हाही मुंबईचाच खटला. भारतातील ध्वनिपुराव्याच्या कायद्याची घडण किती मोठ्या प्रमाणात एका शहरातील लाचखोरी आणि निवडणुकांनी केली, हे पाहून आश्चर्य वाटते.

१९८५ मध्ये हरियाणातील एका निवडणूक वादावर ‘राम सिंह विरुद्ध कर्नल राम सिंह’ या खटल्यात निकाल लागला आणि कसोट्यांची यादी पूर्ण झाली. त्यातली एक अट भोरच्या चालकांसाठी मुद्दाम लिहिल्यासारखी आहे. बोलणाऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे. इतर आवाजांत तो बुडालेला किंवा विकृत झालेला नसावा.

भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट डोळ्यांपुढे आणावा. पावसाळ्यात टपावर कोसळणाऱ्या सरी, वायपरची घरघर, खालच्या गिअरमध्ये गुरगुरणारे इंजिन. अशा आवाजांत नोंदवलेले वाक्य न्यायालयात कितपत उभे राहील, ही शंका रास्तच आहे. तरीही इथे आवाजाचे मोल चित्राहून अधिक ठरू शकते. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवला होता की नाही, हे चित्र सांगू शकत नाही. ब्रेकचा चीत्कार धडकेच्या आधी होता की नंतर, हेही कानच सांगतो. धडकेनंतर लगेच गाडीबाहेर आलेला समोरचा चालक काय बोलला, हे तर अनेकदा निर्णायक ठरेल. घटनेला जोडूनच उमटलेले उद्गार प्रस्तुत मानण्याचे तत्त्व भारतीय पुरावा कायद्यात १८७२ पासून आहे.

चित्रापेक्षा आवाज वेगळे काही सांगतो, याचे उदाहरण जगाने १५ फेब्रुवारी २०१३ रोजी पाहिले आणि ऐकले. रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली. अपघातांतील तंटे आणि विम्याच्या फसवणुकी यांना कंटाळलेल्या रशियन चालकांनी आधीच डॅशकॅम लावलेले होते, त्यामुळे आगीचा गोळा असंख्य कॅमेऱ्यांत सापडला. स्फोटाचा दणका मात्र दोनेक मिनिटांनी जमिनीवर पोहोचला. डोळ्याने जे कधीच पाहून संपवले होते, ते कान नंतर नोंदवत होता.

फीत गेली आणि मेमरी कार्ड आले, तेव्हा जुन्या कसोट्या अपुऱ्या पडू लागल्या. फितीवर जोड दिला तर तज्ज्ञाला खूण सापडे. फाइलची नक्कल मूळ फाइलसारखीच असते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने पुरावा कायद्यात कलम ६५-ब आणले आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्राची अट घातली. ही अट किती कडक मानायची, यावर न्यायालयांची मते अनेक वर्षे हेलकावत राहिली. २०१४ च्या ‘अन्वर विरुद्ध बशीर’ निकालाने ती कडक केली. पुढच्या काही निकालांनी सैल केली. अंतिम उत्तर पुन्हा महाराष्ट्रातून आले, या वेळी जालन्याहून.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा अवघ्या २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला, असा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावलेल्या कॅमेऱ्यांचे चित्रण हाच त्याचा पुरावा. पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या पीठाने निकाल दिला : प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्यच आहे, मात्र ज्या उपकरणात नोंद प्रथम साठवली गेली ते मूळ उपकरणच मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले, तर त्याची गरज नाही, आणि ज्याने प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले, त्याला दुसऱ्याच्या अडवणुकीची शिक्षा होऊ नये.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तरतूद कलम ६३ मध्ये आली. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत : एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही नमूद करायचे असते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली अंकाक्षरांची ओळ. फाइलमधला एक कणही बदलला की ही ओळ बदलते. मोहोर लावलेल्या लखोट्याचे काम आता ही ओळ करते.

अडचण वेगळीकडेच आहे. डॅशकॅम एकेक-दोनदोन मिनिटांचे तुकडे नोंदवतो आणि कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसतो. हादरा बसला की त्यातील संवेदक त्या वेळचा तुकडा कुलूपबंद करतो. वेल्ह्याकडच्या डोंगरी रस्त्यांवर पावसाळ्यात खड्ड्यांनाही हा संवेदक अपघात समजतो, आणि कार्ड खड्ड्यांच्या चित्रफितींनी भरून जाते. उलट, धडक न होता झालेली दमदाटी, रस्त्यात आडवी घातलेली गाडी, काच खाली करून दिलेली धमकी यांत हादरा नसतो. तिथे पुरावा म्हणजे केवळ आवाज, आणि कार्ड वेळेवर काढून ठेवले नाही तर त्यावर नवे तुकडे चढतात. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत पुन्हा दाबून लहान झालेली असते. तिचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. म्हणून कार्डच जपायचे.

इथवरचा इतिहास पुरावा मागणाऱ्याच्या बाजूने सांगून झाला. पण महजर आठवल्यावाचून राहवत नाही.

मलकानी निकालाचा आधार एका बाजूची संमती हा होता. मालक स्वतः गाडी चालवतो आणि शेजाऱ्याशी बोलतो, तोवर हे सूत्र पुरते. आता दुसरी गाडी घ्यावी. मालक पुण्यात आहे, पगारी चालक गाडी घेऊन राजगडाच्या पायथ्याशी निघाला आहे, मागे दोन प्रवासी आपल्या घरातील आजारपणाविषयी बोलत आहेत. डॅशकॅम मालकाचा आहे आणि काही डॅशकॅम सिमकार्डाच्या आधारे चित्र-आवाज थेट मोबाइलवर पाठवतात. या संभाषणातील एकाही बाजूने संमती दिलेली नाही. मलकानी निकालाचे पहिले सूत्र इथे लागू पडत नाही. दुसरे सूत्र, म्हणजे पुरावा कसा मिळाला यापेक्षा तो खरा आहे का हे पाहण्याचे, अजूनही उभे आहे. परिणामी असा आवाज न्यायालयात चालेलही. तो घेणे योग्य होते, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

टेलिफोनवरील संभाषण हा खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये ‘पीयूसीएल’ निकालात सांगितले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. तरीही १४ जुलै २०२५ रोजी ‘विभोर गर्ग विरुद्ध नेहा’ या निकालात पतीने पत्नीच्या नकळत नोंदवलेली संभाषणे घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेण्यास न्यायालयाने मुभा दिली. १९७२ चे सूत्र पन्नास वर्षांनंतरही ढळलेले नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ हा व्यक्तीने खासगी वा घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला ही सवलत तशीच मिळेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे दुसऱ्याचे खासगी बोलणे परवानगीवाचून नोंदवणे हा दंडसंहितेच्या कलम २०१ खाली गुन्हाच आहे. १५ मे २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने डॅशकॅमविषयी दिलेला निकाल वाचनीय आहे. सतत चित्रण करणे विदा संरक्षणाच्या नियमांविरुद्ध आहे, असे न्यायालय म्हणाले; पण अपघाताच्या दाव्यात ते चित्रण पुरावा म्हणून पाहता येईल, असेही म्हणाले. घेणे चूक, पाहणे शक्य. भारतीय न्यायालयांनी अजून हा भेद इतक्या उघडपणे मांडलेला नाही.

मावळात आवाज नोंदवण्याचा आणखी एक प्रयोग झाला, आणि तो याच डोंगरांत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ गावांतून जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या भागांतील बायका पहाटे दळताना गात, ती गाणी आधी हाताने लिहून घेतली जात. नंतर बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष आवाजही नोंदवले गेले. आज एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहालयात आहे. जाते हे बाईचे घरातले सर्वांत खासगी बोलण्याचे ठिकाण होते. सासुरवास, भावाची माया, नवऱ्याची मारहाण असे दिवसाउजेडी न बोलले जाणारे सारे तिथे ओवीत येई. ते नोंदवायला गेलेल्यांनी मायक्रोफोन समोर ठेवला, आधी विचारले, आणि संग्रहात ओवीपुढे गाणारणीचे नाव आणि तिचे गाव लिहिले. पाटलाच्या नांगराचीच ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल.

डॅशकॅम तयार करणाऱ्यांनाही हा प्रश्न ठाऊक असावा. बहुतेक डॅशकॅममध्ये मायक्रोफोन बंद करण्याची सोय असते. काहींवर त्यासाठी स्वतंत्र कळ असते आणि पडद्यावर आडवी रेघ मारलेल्या माइकचे चिन्ह उमटते. ते चिन्ह चालकाच्या बाजूला, दोन इंचांच्या पडद्यावर असते. कापूरहोळ फाट्यावर मागच्या दाराने जीपमध्ये चढणाऱ्या बाईला ते दिसत नाही.